विश्लेषण : यकृताचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतरही का परततो? संशोधन काय सांगते?

‘गाठ पूर्ण निघाली, कडाही स्वच्छ आहेत,’ असा अहवाल हाती आला की रुग्ण आणि नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. यकृताच्या कर्करोगात मात्र इथे उपचारांचा केवळ पहिला टप्पा संपलेला असतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यानंतरही पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये हा आजार पुन्हा दिसतो, असे जगभरातील अभ्यास सांगतात. असे का होते? ते रोखण्यासाठी कोणते उपाय तपासले गेले, त्यातले कोणते टिकले आणि कोणते फसले? रुग्णाच्या हातात नेमके काय असते?

यकृताचा कर्करोग म्हणजे नेमके काय?

यकृतात आढळणारी प्रत्येक कर्करोगाची गाठ ‘यकृताचा कर्करोग’ नसते. मोठे आतडे, स्तन, स्वादुपिंड अशा दुसऱ्या अवयवांतला कर्करोग पसरून यकृतात येऊ शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात. इथे आपण यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगाबद्दल बोलतो आहोत. त्यातील सुमारे ७५ ते ८५ टक्के रुग्णांमध्ये ‘हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा’ हा प्रकार असतो. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘एचसीसी’ म्हणतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार जणांचा मृत्यू झाला. नव्या रुग्णांच्या संख्येत हा कर्करोग सहाव्या क्रमांकावर आहे, मृत्यूंच्या संख्येत मात्र तिसऱ्या. या दोन क्रमांकांतील फरकच या आजाराचे गांभीर्य सांगतो.

हा कर्करोग सहसा निरोगी यकृतात उगवत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सीचा जुना संसर्ग, वर्षानुवर्षांचे मद्यपान, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतून किंवा मक्यातून पोटात जाणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, अशी कारणे आधी यकृताला दुखावत राहतात. यकृत स्वतःला दुरुस्त करते, पुन्हा दुखावते, पुन्हा दुरुस्त होते. या चक्रात यकृतात व्रणांचे जाळे तयार होते आणि ते कडक, गाठाळ होत जाते. याला सिऱ्होसिस म्हणतात. बहुतेक रुग्णांमध्ये कर्करोगाची गाठ अशा यकृतातच जन्म घेते. म्हणजे रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असतात : एक गाठीचा आणि दुसरा ती गाठ ज्यात वाढली त्या यकृताचा. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ही गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी.

शस्त्रक्रिया प्रत्येकाची का करता येत नाही?

यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. सिऱ्होसिस झालेल्या यकृतात मात्र ही ताकद कमी झालेली असते. त्यामुळे शल्यचिकित्सकांपुढे किती काढायचे याइतकाच किती ठेवायचे हाही प्रश्न असतो. निरोगी यकृतात साधारण २० ते ३० टक्के भाग मागे राहिला तरी पुरतो. सिऱ्होसिस असेल तर साधारण ४० टक्के तरी हवा, असा ढोबळ नियम आहे.

यासाठी शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनवरून उरणाऱ्या यकृताचे आकारमान मोजले जाते. रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट, पोटात पाणी झाले आहे का, हे पाहिले जाते. जपानसह अनेक देशांत ‘इंडोसायनिन ग्रीन’ नावाचे हिरवे द्रव्य शिरेतून देऊन १५ मिनिटांनी त्यातले किती रक्तात उरले ते मोजतात. यकृत जितके थकलेले, तितके द्रव्य रक्तात जास्त उरते.

यकृत फारच कमी उरणार असेल तर आणखी एक मार्ग आहे. आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनची, गाठ असलेल्या बाजूची शाखा आधीच बंद केली जाते. मग रक्त दुसऱ्या बाजूला वळते, ती बाजू काही आठवड्यांत वाढते आणि त्यानंतर शस्त्रक्रिया होते. १९८० च्या दशकात हे तंत्र रुजवण्यात जपानचे शल्यचिकित्सक मासातोशी माकुउची यांचा मोठा वाटा होता.

एवढे करूनही अनेकांची शस्त्रक्रिया शक्य होत नाही. निदान होईपर्यंत गाठ मोठी झालेली असते, रक्तवाहिनीत शिरलेली असते किंवा यकृत इतके थकलेले असते की ते शस्त्रक्रिया सोसणार नाही. यकृताच्या आत वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे पोटात दुखणे, वजन घटणे, कावीळ होणे ही लक्षणे सहसा उशिरा दिसतात.

गाठ काढल्यानंतरही कर्करोग परत का येतो?

‘परतलेला’ कर्करोग एकाच प्रकारचा नसतो, हे या विषयावरील संशोधनाचे बहुधा सर्वात महत्त्वाचे सांगणे आहे. टोकियोतील इमामुरा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरची दोन वर्षे ही सीमारेषा मानली आणि तिच्या दोन्ही बाजूंची कारणे वेगवेगळी असल्याचे दाखवले. ही विभागणी आजही जगभर वापरली जाते.

पहिला प्रकार : दोन वर्षांच्या आत परतणारा. इथे बहुतेक वेळा मूळ गाठीच्याच पेशी मागे राहिलेल्या असतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की सीटी, एमआरआय किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावरची सोनोग्राफी त्यांना पकडू शकत नाही. एचसीसीच्या पेशींना पोर्टल व्हेनच्या बारीक शाखांमध्ये शिरण्याची खोड असते. त्या शाखांतून त्या यकृताच्या शेजारच्या भागात जाऊन बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीत पेशी दिसणे, मुख्य गाठीभोवती छोट्या उपगाठी असणे, रक्तातील ‘एएफपी’ या घटकाची पातळी वाढलेली असणे, गाठ मोठी असणे, ही या प्रकाराची धोक्याची चिन्हे आहेत.

दुसरा प्रकार : दोन वर्षांनंतर दिसणारा. यात बरेचदा जुना कर्करोग परतलेला नसतो, तर नव्याने दुसरा कर्करोग झालेला असतो. गाठ काढली, पण ती जिथे उगवली ते आजारी यकृत शरीरातच राहिले. विषाणू, सूज, दारू, चरबी यांचा मारा सुरू राहिला, तर तिथे दुसरी गाठ उगवू शकते. म्हणूनच उशिरा होणाऱ्या पुनरुद्भवाचा संबंध यकृतातील सुजेच्या तीव्रतेशी दिसून आला आहे.

हे दोन प्रकार वेगळे आहेत हे कळले कसे? हिपॅटायटिस बीचा विषाणू आपला डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. ही घुसखोरी कुठे झाली, ती जागा प्रत्येक गाठीत वेगळी असते. ती बोटांच्या ठशासारखी वापरता येते. पहिल्या आणि दुसऱ्या गाठीतला ठसा जुळला तर गाठ जुन्या पेशींतूनच आलेली असते. जुळला नाही तर ती नवी असते. अशा तपासण्यांत दोन्ही प्रकारच्या गाठी आढळल्या आहेत.

शस्त्रक्रियेचे तंत्र बदलून फरक पडतो का?

पडतो, पण मर्यादित. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात यकृताचे आठ खंड मांडले. प्रत्येक खंडाला रक्त पुरवणारी स्वतंत्र शाखा असते. एका सोसायटीत आठ इमारती आणि प्रत्येकीची पाण्याची पाइपलाइन वेगळी, असे समजा. पेशी पाइपमधून पसरत असतील, तर फक्त बिघडलेली खोली तोडण्यापेक्षा त्या पाइपलाइनवरचा पूर्ण भाग काढणे अधिक तर्कशुद्ध ठरते. माकुउची यांनी १९८५ मध्ये सोनोग्राफीच्या मदतीने असा खंड किंवा उपखंड ओळखून काढण्याची पद्धत मांडली.

या पद्धतीने लवकर होणारा पुनरुद्भव कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले. मात्र सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय सिऱ्होसिस असताना जास्त यकृत काढणे नेहमी परवडत नाही.

गाठीभोवती किती निरोगी भाग काढावा, यावर चीनमध्ये एक चाचणी झाली. एकच गाठ असलेल्या १६९ रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटात गाठीभोवतीचा २ सेंटिमीटर, तर दुसऱ्या गटात १ सेंटिमीटर भाग काढण्याचे ठरले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी पहिल्या गटातले ७४.९ टक्के, तर दुसऱ्या गटातले ४९.१ टक्के रुग्ण हयात होते. अर्थात दोन सेंटिमीटर भाग काढता येईल की नाही, हे गाठीच्या जागेवर आणि उरणाऱ्या यकृतावर ठरते.

दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियेत जखम लहान राहते, रुग्ण लवकर घरी जातो. योग्य रुग्ण आणि अनुभवी हात असतील तर कर्करोगाच्या दृष्टीने ती पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरत नाही. पण ‘रोबोटने केली म्हणजे परत येणार नाही’ हा समज चुकीचा आहे. लहान गाठींमध्ये तर शस्त्रक्रिया की सुईने उष्णता देऊन गाठ जाळणे, असाही पर्याय असतो. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, जास्तीत जास्त तीन गाठी असलेल्या रुग्णांवर जपानमध्ये झालेल्या ‘सर्फ’ चाचणीत या दोन्ही उपचारांनंतर पुनरुद्भवाशिवायच्या काळात लक्षणीय फरक आढळला नाही. कारण पुन्हा तेच : दोन्हींत आजारी यकृत मागे राहते.

मग पूर्ण यकृतच बदलले तर?

गाठही जाते आणि आजारी यकृतही जाते. त्यामुळे पुनरुद्भव रोखण्यात प्रत्यारोपण सर्वात प्रभावी ठरते. पण सुरुवातीच्या काळात चित्र असे नव्हते. फार पसरलेल्या कर्करोगातही प्रत्यारोपण केले जाई आणि बहुतेकांना तो पुन्हा होई. इटलीतील मिलानचे शल्यचिकित्सक व्हिन्चेन्झो माझाफेरो यांनी १९९६ मध्ये ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दिशा बदलली. एकच गाठ असेल तर ती ५ सेंटिमीटरपर्यंत. किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. रक्तवाहिनीत शिरकाव नाही, यकृताबाहेर प्रसार नाही. अशा निवडक रुग्णांपैकी ७५ टक्के चार वर्षांनंतर हयात होते. कर्करोग फक्त चार जणांना, म्हणजे ८ टक्क्यांना पुन्हा झाला. हेच ‘मिलान निकष’. आजही प्रत्यारोपणाच्या चर्चेत ते पहिले येतात.

गाठी या निकषांत बसत नसतील, पण इतर उपचारांनी लहान झाल्या, तर? त्याच गटाच्या ‘एक्सएक्सएल’ या २०२० मधील चाचणीत असे ४५ रुग्ण दोन गटांत विभागले. प्रत्यारोपणाच्या गटात पाच वर्षांनी ७७.५ टक्के, तर इतर उपचारांच्या गटात ३१.२ टक्के रुग्ण हयात होते.

मग सगळ्यांचे प्रत्यारोपण का करत नाहीत? मेंदूमृत दात्यांकडून मिळणारी यकृते गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांकडून, म्हणजे बहुधा घरातल्याच कोणाकडून घेतलेल्या यकृताच्या भागावर होतात. निरोगी माणसाला मोठ्या शस्त्रक्रियेतून जावे लागते. रुग्णाला आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. खर्च मोठा असतो. त्यामुळे यकृत बऱ्यापैकी चालत असेल आणि गाठ काढण्याजोगी असेल, तर गाठ काढणे हाच अनेकदा पहिला पर्याय राहतो.

शस्त्रक्रियेनंतर औषध देऊन पुनरुद्भव रोखता येतो का?

स्तनाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिली जाते. त्यामुळे ‘आमच्या रुग्णाला काहीच औषध का नाही,’ हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. याचे उत्तर दोन मोठ्या चाचण्यांमध्ये आहे.

पहिली ‘स्टॉर्म’. पसरलेल्या यकृत-कर्करोगात उपयोगी ठरलेले सोराफेनिब हे औषध शस्त्रक्रिया किंवा गाठ जाळण्याच्या उपचारानंतर दिले तर? १,११४ रुग्णांवरील या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले. औषध घेतलेल्या गटात पुनरुद्भवाशिवायचा मध्यक काळ ३३.३ महिने होता, तर औषधासारखी दिसणारी साधी गोळी घेतलेल्या गटात ३३.७ महिने. म्हणजे फरक शून्य, दुष्परिणाम मात्र होते.

दुसरी ‘आयएमब्रेव्ह ०५०’. कर्करोग परतण्याचा धोका जास्त असलेल्या ६६८ रुग्णांपैकी अर्ध्यांना अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शने वर्षभर दिली, उरलेल्यांवर फक्त लक्ष ठेवले. २०२३ मध्ये पहिले निकाल आले तेव्हा औषधाच्या गटात पुनरुद्भवाचा किंवा मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी दिसला. जगभर मथळे झाले. पण तेव्हा रुग्णांवर लक्ष ठेवून सरासरी दीड वर्षच झाले होते. आणखी दीड वर्षाने, २०२४ मध्ये, तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा हा फायदा टिकलेला नव्हता. दोन्ही गटांच्या आलेखरेषा जवळ आल्या होत्या. तीव्र दुष्परिणाम मात्र औषधाच्या गटात ४१ टक्के रुग्णांमध्ये, तर दुसऱ्या गटात १३ टक्क्यांमध्ये नोंदले गेले होते.

याचा अर्थ काय? औषधाने काही रुग्णांत कर्करोग काही महिने पुढे ढकलला असावा, रोखला नाही. या आजारात एक-दीड वर्षाचा निकाल पाहून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हेही त्यातून दिसले.

आता संशोधकांचे लक्ष शस्त्रक्रियेच्या आधीच इम्युनोथेरपी सुरू करण्याकडे वळले आहे. गाठ शरीरात असतानाच औषध दिले तर प्रतिकारशक्तीला शत्रू ‘ओळखण्याची’ संधी मिळते, असा त्यामागचा तर्क आहे. चीनमधील ‘केअर्स ००९’ या चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर कॅमरेलिझुमॅब व रिव्होसेरानिब देण्यात आले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात आजार न बळावता गेलेला काळ केवळ शस्त्रक्रियेच्या तुलनेत दुपटीहून अधिक दिसला. हा निकाल आशादायक आहे. मात्र आयएमब्रेव्हचा अनुभव पाहता रुग्ण प्रत्यक्षात जास्त जगतात का, हे कळण्यासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागेल.

थोडक्यात, शस्त्रक्रियेनंतर ‘परत येऊ नये म्हणून’ महागडे औषध सुचवले गेले, तर ते कोणत्या पुराव्यावर आणि चाचणीचा भाग म्हणून आहे का, हे विचारणे रुग्णाचा हक्क आहे. जमीन विकून किंवा कर्ज काढून औषध आणण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

मग हातात काय उरते? साध्या गोळ्या!

नव्या औषधांच्या गर्दीत एक जुना उपाय मागे पडतो. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला रोज घ्यायची विषाणूविरोधी गोळी, उदाहरणार्थ एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर. ही औषधे कर्करोगाच्या पेशीला मारत नाहीत. ती विषाणूला दाबून ठेवतात आणि यकृताची सूज उतरवतात. म्हणजे ती थेट दुसऱ्या आजारावर, आजारी यकृतावर काम करतात.

तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिपॅटायटिस बी असलेल्या आणि एचसीसीची शस्त्रक्रिया झालेल्या ४,५६९ रुग्णांपैकी ५१८ जणांनी अशी औषधे घेतली होती. सहा वर्षांत कर्करोग परतण्याचे प्रमाण औषधे घेणाऱ्यांत ४५.६ टक्के, तर न घेणाऱ्यांत ५४.६ टक्के निघाले. औषधे घेणाऱ्यांत सिऱ्होसिसचे रुग्ण अधिक असूनही हा फरक दिसला. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हती, ही त्याची मर्यादा. तरीही आज मार्गदर्शक सूचना अशा रुग्णांना विषाणूविरोधी औषध देण्याचाच सल्ला देतात.

हिपॅटायटिस सी तर आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो. मात्र सिऱ्होसिस आधीच झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. तपासण्या सुरूच ठेवाव्या लागतात.

भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत देण्याची तरतूद आहे. शस्त्रक्रियेनंतर घरी आलेला रुग्ण ‘आता बरे वाटते’ म्हणून ही गोळी मनाने बंद करतो, तेव्हा दुहेरी नुकसान होते. विषाणू उसळून यकृत अचानक निकामी होण्याचा धोका असतो आणि नव्या गाठीला वाट मोकळी होते.

दारू पूर्ण बंद, मधुमेह आणि वजन आटोक्यात, खवट-बुरशीचे शेंगदाणे वा धान्य टाळणे, ही यादी म्हणूनच ‘पथ्यपाणी’ म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ‘लिव्हर साफ करणारी’ जाहिरातीतली चूर्णे आणि काढे डॉक्टरांना न विचारता घेणे मात्र टाळावे. त्यातील काहींनी यकृतालाच इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

कर्करोग पुन्हा आढळलाच तर सगळे संपले का?

नाही. ‘७० टक्क्यांमध्ये परततो’ याचा अर्थ ‘७० टक्के दगावतात’ असा नव्हे. योग्य निवड झालेल्या रुग्णांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी हयात असतात, असे अनेक केंद्रांचे अनुभव आहेत. म्हणजे ज्यांना कर्करोग पुन्हा झाला, त्यातलेही बरेच जण उपचार घेत जगत असतात.

नवी गाठ लहान असताना सापडली तर पुन्हा शस्त्रक्रिया, सुईने जाळणे, गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी औषधासह बंद करणे, नेमके किरणोपचार किंवा काही रुग्णांत प्रत्यारोपण, असे पर्याय खुले असतात. दोन-तीनदा उपचार होऊन वर्षानुवर्षे जगणारे रुग्ण आहेत. पण हे सगळे ‘लहान असताना सापडली तर’ या अटीवर अवलंबून आहे. ती अट पूर्ण होते नियमित तपासण्यांनी.

तपासण्या कधी आणि डॉक्टरांना काय विचारायचे?

पहिली दोन वर्षे सर्वात धोक्याची. या काळात साधारण दर तीन ते चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपीची रक्ततपासणी सांगितली जाते. त्यानंतर बहुधा दर सहा महिन्यांनी. नेमके वेळापत्रक प्रत्येक रुग्णाचे वेगळे असू शकते, पण ‘पाच वर्षे झाली, आता सुटलो’ असे या आजारात म्हणता येत नाही. आजारी यकृत आहे तोवर लक्ष ठेवावे लागते.

डॉक्टरांना विचारायचे काही प्रश्न :

- पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये सूक्ष्म रक्तवाहिनीत शिरकाव किंवा उपगाठी आढळल्या का?
- कडेपर्यंत किती अंतर मोकळे आहे?
- उरलेल्या यकृताची अवस्था काय? सिऱ्होसिस आहे का?
- हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही तपासले का? औषध किती काळ घ्यायचे?
- पुढील स्कॅनची तारीख कोणती? पुन्हा गाठ दिसली तर आमच्यासाठी पहिला पर्याय काय असेल? प्रत्यारोपणाचा विचार आतापासून करायचा का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लवकर परतण्याच्या धोक्याबद्दल सांगतात, तर पुढची दोन उशिरा होणाऱ्या नव्या गाठीबद्दल.

मुळावर घाव घालता येतो का?

येतो आणि त्याचा पुरावा आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्याची देशव्यापी मोहीम सुरू केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात दर लाखामागे ०.७० होते. ते १९९० ते १९९४ मध्ये ०.३६ वर आले. एका लसीने एक कर्करोग जवळपास निम्म्यावर आणल्याचे हे उदाहरण १९९७ मध्ये जगासमोर आले.

भारतात ही लस २०११ मध्ये देशभरातील नियमित लसीकरणात आली. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांत द्यायची असते. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बीसह, तर सुमारे ५५ लाख लोक सीसह जगत होते. यातील बहुतेकांना आपल्याला संसर्ग आहे हेच ठाऊक नसते.

ज्यांना धोका आहे त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी हे साधे हत्यार आहे. शांघायमध्ये हिपॅटायटिसचा इतिहास असलेल्या १८,८१६ जणांवर झालेल्या चाचणीत दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी तपासणाऱ्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे त्या गटातील अनेक जण तपासणीला नियमित आले नव्हते, तरीही हा फरक पडला. सोनोग्राफीचे यंत्र आज महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावीही पोहोचले आहे. सिऱ्होसिस किंवा हिपॅटायटिस बीचा रुग्ण तिथे दर सहा महिन्यांनी जातो का, हा खरा प्रश्न आहे.

तीस वर्षांच्या संशोधनाचा हिशेब मांडला तर तो असा : गाठ काढण्याचे कौशल्य खूप वाढले, पण पुनरुद्भव रोखणारे खात्रीचे औषध अजून हाती आलेले नाही. ज्यांचा उपयोग दिसला आहे, त्यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या आहेत. विषाणूची रोजची गोळी, दारूला पूर्णविराम आणि ठरलेल्या तारखेचा स्कॅन. घरात असा रुग्ण असेल तर फाइलमधली पुढच्या तपासणीची तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

(हा लेख केवळ माहितीसाठी आहे. तपासण्या आणि उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)